रोवेनानं भिंतीत कापलेलं दार

मिलर्स गॅपच्या आसपासची सगळी घरं रोवेना पास्कोला फाटकापर्यंत पाठ होती. फाटकाच्या पलीकडे मात्र ती क्वचितच गेली असेल. मेलबर्नच्या पूर्वेला, गिप्सलँडच्या त्या टेकड्यांमध्ये टपाल वाटायचं कंत्राट तिच्याकडे होतं, आणि तिकडं टपाल दारापर्यंत जात नाही, रस्त्याच्या कडेला खांबावर बसवलेल्या पेटीत पडतं. कुणी जुन्या दुधाच्या कॅनची पेटी केलेली, कुणी तेलाच्या पिंपाची, एकानं तर मोडक्या मायक्रोवेव्हची. रोवेना आपली व्हॅन पेटीला भिडवायची, खिडकीतून हात काढून टपाल सरकवायची आणि पुढं निघायची. दूर झाडांच्या आड एखादं छप्पर दिसायचं, धुराची रेघ दिसायची, दोरीवर वाळत घातलेली चादर हलायची. तेवढ्यावरून आत काय असेल, टेबल कुठं असेल, सकाळचं ऊन कुणाच्या खुर्चीवर पडत असेल, याचा ती विचार करत राहायची. दुपारी फेरी संपेपर्यंत कितीतरी घरं मनातल्या मनात हिंडून झालेली असायची.

तिचं स्वतःचं घर कधी झालं नव्हतं. लग्न केलं होतं, ते फार टिकलं नाही. मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या घरांमागून भाड्याची घरं झाली. त्यातलं एक होतं बंद पडलेल्या बेकरीच्या मागच्या दोन खोल्या; दमट दिवसांत तिथल्या भिंतींना अजून पावाचा वास सुटायचा. हे घर तिला त्यातल्या त्यात आवडलं होतं. पण मालकाला विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, अशा रीतीनं राहता राहता तिला भिंतींना हात लावायची सवयच उरली नव्हती. पाहुण्यासारखी अंग चोरून राहायची ती.

पन्नाशी उलटल्यावर, जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी, तिला मरायकाकडे एक जड खोकं पोचवायचं होतं. मरायका कुंभारीण होती. तरुणपणी हॉलंडहून आली आणि टेकडीच्या मागच्या दरीत राहिली. खोक्यात भांड्यांवर चढवायच्या झिलईची पूड होती आणि ते पेटीत काही मावेना. पाऊस तिरका मारत होता. रोवेनानं व्हॅन आत घातली, खोकं पोटाशी धरून चिखलातून दारापर्यंत गेली. मरायकानं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली.

ते घर मातीचं होतं. मरायकानं आणि तिच्या नवऱ्यानं हातांनी बांधलेलं. तिथं मातीची घरं काही नवलाची नव्हती, रोवेनानं लांबून बरीच पाहिली होती. पण आत ती पहिल्यांदाच आली होती. दार मागं मिटलं आणि पाऊस नाहीसा झाला. म्हणजे खिडकीतून दिसत होता, झाडं वाकवत होता, पण त्याचा आवाज भिंतींनी पिऊन टाकला होता. भिंती हातभर जाड होत्या. खिडकीच्या बैठकीत माणूस पाय वर घेऊन बसू शकेल एवढी जागा होती, आणि मरायकाची मांजर तिथं अशी पसरली होती की जणू तिच्यासाठीच भिंत बांधली असावी. चूल केव्हाच विझली होती, तरी ऊब होती. कडा कुठंच धारदार नव्हत्या. सगळे कोपरे पाण्यानं घासलेल्या दगडासारखे गोल.

रोवेनानं चहाचा कप खाली ठेवला आणि भिंतीवर तळवा टेकवला. येणारा प्रत्येक जण तसंच करतो हे मरायकाला ठाऊक होतं.

त्या दिवशी टपाल सगळीकडे उशिरा पोचलं.

त्यानंतर रोवेनाचं रस्त्याकडचं लक्ष उडालं आणि रस्त्याच्या कडेच्या मातीकडं लागलं. घाटाच्या वळणावर लाल, नदीच्या उतरणीला पिवळी, शाळेमागं राखेसारखी. ती व्हॅन थांबवून मूठभर माती उचलायची, थुंकी लावून बोटांत चोळायची, लाडू वळायची. लाडू उन्हात वाळला की खांद्याच्या उंचीवरून खाली टाकायची. फुटून भुगा झाला तर माती फार रेताड. तडे गेले तर फार चिकट. मरायकानं शिकवलं होतं. व्हॅनमध्ये पायाशी अशा लाडवांची पिशवी असायची. एका पेटीपाशी भेटलेल्या बाईनं ते खायचे आहेत का म्हणून विचारलं होतं.

जमीन मिळाली ती विल्फ टूहीची. विल्फच्या दुभत्या गाई होत्या. त्याच्या रानाचा एक कोपरा उतारावर होता, तिथं चरताना गाईंचेही पाय घसरायचे. तो कोपरा विकायला काढून विल्फ कंटाळला होता. रोवेनानं तिथली माती उकरली, लाडू वळला, टाकला. लाडू ठप्पकन पडला आणि जरासा चपटा झाला, बस. तिनं तो उचलून खिशात ठेवला. विल्फ म्हणाला, आजवर लोक इथं उभं राहून समोरच्या डोंगरांकडं बघायचे. जमिनीकडं बघणारी तू पहिलीच.

तिनं मेलबर्नला मोठ्या बहिणीला फोन करून सांगितलं. नेरिडा तिच्याहून चार वर्षांनी मोठी, एका दुकानासाठी लग्नाचे पोशाख शिवायची. नवरा वारल्यापासून उपनगरातल्या नीटनेटक्या घरात एकटीच राहत होती. त्या घरात साईच्या रंगाचा गालिचा होता आणि आत येणाऱ्याला बूट दाराबाहेर काढावे लागत.

"माणसं इतकी हजारो वर्षं चिखलातून बाहेर यायला धडपडली," नेरिडा म्हणाली, "आणि तू पन्नाशी उलटल्यावर परत चिखलात निघालीस."

रोवेना हसली. तिला वाईट वाटलं नाही. नेरिडाचं बोलणं सुईसारखं असायचं, टोचायचं पण त्यानंच काहीतरी शिवलंही जायचं.

मरायकानं एकच बजावलं होतं: घाई करू नकोस, आधी वर्षभर जागेवर राहून बघ. रोवेनानं ते शब्दशः घेतलं. खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरा बांधला, गवतावर घर आखलं. इथं स्वयंपाकघर, इथं पलंग, इथं चूल. रविवारी ती घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन यायची आणि त्या दोऱ्याच्या घरात राहायची. कधी स्वयंपाकघरात बसून ब्रेड-चीज खायची, कधी पलंगाच्या जागी गवतात आडवी व्हायची आणि ढग छपरावरून जाताना बघायची. तिकडं हिवाळ्यात ऊन उत्तरेकडून येतं; ते कुठपर्यंत पोचतं ते बघून तिनं स्वयंपाकघर सरकवलं. दुपारी दरीतून वर चढणारा वारा पलंगावर येतो म्हणून पलंग हलवला. दोन खुंट्या उपटल्या, दुसरीकडं ठोकल्या, की भिंत हलली.

एकदा विल्फ वासरू शोधत तिकडं आला आणि तिच्याशी बोलत उभा राहिला.

"विल्फ, तू माझ्या भिंतीत उभा आहेस," रोवेना म्हणाली.

विल्फनं खाली पाहिलं, टोपी काढली, आणि दोऱ्याला वळसा घालून जिथं दार होतं तिथून आत आला. त्यानं बूटही पुसले. पुढं वर्षभर त्यानं ही थट्टा गावात सांगितली, पण दोरा ओलांडून तो कधी आला नाही.

त्या वर्षाबद्दल रोवेना नंतर म्हणायची की खरं घर तेव्हाच बांधून झालं होतं. काळापांढरा मॅगपाय पक्षी पहाटे ज्या फांदीवर बसून गळा मोकळा करतो ती फांदी पलंगावरून दिसते, हे तिला भिंत उभी राहायच्या आधीच माहीत होतं. पुढं खिडकी केली ती त्या फांदीसाठी.

उन्हाळ्यात विटा पाडायला सुरुवात झाली. खड्ड्यात माती, पाणी, गव्हाचा पेंढा, आणि पाय. रोवेना गुडघ्यापर्यंत चिखलात उतरायची आणि तुडवायची. थंडगार चिखल बोटांच्या फटींतून वर यायचा. पहिल्या दिवशी तिला लाज वाटत होती, दुसऱ्या दिवशी ती गुणगुणत होती. लाकडी साच्यात हा कालवलेला चिखल, म्हणजे गारा, थापायचा, वर हात फिरवायचा, साचा उचलायचा. खाली एक ओली, चकचकीत वीट. अशा ओळीच्या ओळी गवतावर पसरल्या. विटा जरा घट्ट झाल्या की त्यांना कुशीवर उभं करायचं, म्हणजे वारा दोन्ही अंगांनी लागतो. शनिवार-रविवारी टपालाच्या वाटेवरची माणसं येऊ लागली. आजवर ज्यांचं रोवेनाशी फक्त खिडकीतून हात हलवायचं नातं होतं, ती तिच्यासोबत चिखल तुडवू लागली. कुणी सॉसेज भाजायचं, कुणी बिअर आणायचं. संध्याकाळी सगळे एकाच रंगाचे होऊन घरी जायचे.

आणि फेब्रुवारीत वादळ आलं. पावसाचं चिन्ह नव्हतं. दुपारी रोवेना फेरीवर असताना आकाश एकदम जांभळं झालं आणि फुटलं. तिनं ताडपत्र्या विटांपाशी रचून ठेवल्या होत्या, पण ती घाटाच्या पलीकडं होती आणि रस्त्यात झाड पडलं होतं. ती पोचेपर्यंत पाऊस थांबून ऊनही पडलं होतं. गवतावर विटा नव्हत्या. जागोजागी मऊ, चमकणारे उंचवटे होते, वितळलेल्या लोण्यासारखे, आणि त्यांच्यावरून पिवळे ओहोळ संथपणे उताराला लागले होते.

विल्फ कुंपणापाशी उभा होता. तो धावत आला होता, दोन ताडपत्र्या टाकल्याही होत्या, पण वाऱ्यानं त्या त्याच्या गोठ्यापर्यंत नेल्या होत्या. तो म्हणाला, मला फार वाईट वाटतंय, रो.

रोवेना चिखलात बसली. उन्हाळाभराची मेहनत होती ती, आणि रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण बसल्या बसल्या तिनं हाताजवळचा एक उंचवटा कुरवाळला. कोमट होता. माती तीच होती, पेंढाही तोच. काही मोडलं नव्हतं, काही फेकायचं नव्हतं. फावड्यानं उचलून परत खड्ड्यात टाकायचं, एवढंच. तिनं विल्फला विचारलं की आधी छप्पर करून मग भिंती केल्या तर?

"तसंच करतात शहाणी माणसं," विल्फ म्हणाला. "मला वाटलं तुला मुद्दामच काहीतरी वेगळं करायचंय."

त्या वर्षी नदीवरचा जुना लाकडी पूल पाडत होते. त्याचे खांब रोवेनाला मिळाले. शंभर वर्षं पाण्यात उभं राहून ते लोखंडासारखे झाले होते. विल्फच्या ट्रॅक्टरनं ते चढावर ओढून आणले. दगडी पाया भरला, खांब उभे केले, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर वासे, वर पन्हळी पत्रा आणि चारी बाजूंना रुंद पडवी. भिंती नसलेलं ते छप्पर एक हिवाळा तसंच उभं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात विटा त्याच्या सावलीत वाळल्या आणि हळूहळू, एकेक थर, भिंती खालून वर आल्या. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. मग एके दिवशी रोवेना आत उभी होती आणि तिला बाहेरचं दिसेना. तिला एकदम कुणीतरी मिठी मारल्यासारखं झालं.

घर लहान होतं. एकच मोठी खोली, एका कोपऱ्यात न्हाणी, एका अंगाला चूल. एका माणसाचं घर. तिनं ते मुद्दामच तसं केलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींत राहिल्यावर तिला स्वतःच्या अंगाच्या मापाचं काहीतरी हवं होतं. ती राहायला आली तेव्हा गिलावा व्हायचा होता, विटांचे सांधे उघडे दिसत होते. तिला घाई नव्हती. सकाळी ती खिडकीच्या बैठकीत पाय वर घेऊन बसायची, चहाची वाफ आणि दरीतलं धुकं एकाच वेळी वर चढायचं, आणि ती दोन्ही विरेपर्यंत बघत राहायची. ह्याहून जास्त काही हवं होतं का, असं ती स्वतःला विचारायची. उत्तर यायचं, नको.

मग नेरिडाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तिनं सांगितलं की दुकानाचं काम तिनं सोडलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, सुई ओवता येत नाही.

रोवेना मेलबर्नला गेली. नेरिडाच्या डोळ्यांना मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. समोरचं पुसलं गेलं होतं, कडेकडेचं दिसत होतं. बहिणीचा चेहरा बघायला ती मान वळवून तिच्या कानाकडं बघायची. हातावर भाजल्याच्या खुणा होत्या. काचेचं टेबल, स्टीलच्या कडा, पांढरी भिंत आणि पांढरं दार, सगळं तिच्याभोवती एकसारखं पांढरं झालं होतं, आणि त्या नीटनेटक्या घरात ती परक्या घरातल्यासारखी हात पुढं करून चालत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पूर्ण काळोख होणार नाही, पण हे परतही येणार नाही.

रोवेनानं तिला पंधरवडाभर आपल्याकडं चल म्हटलं. नेरिडानं आधी विचारलं की तिथं बूट कुठं काढायचे.

पहिले दोन दिवस नेरिडा पडवीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी रोवेना गिलाव्याचा गारा कालवत होती: चाळलेली माती, वाळू, बारीक कापलेला पेंढा आणि विल्फच्या गोठ्यातलं ताजं शेण. नेरिडानं नाक मुरडलं. मग बसल्या जागेवरून हात लांबवला आणि चिमूटभर गारा बोटांत चोळला, कापड पारखावं तसा.

"हा जाडाभरडा आहे," ती म्हणाली. "वरच्या हाताला हा चालणार नाही. अजून चाळ."

"खालच्या हाताला चालेल ना?"

"अस्तराला चालेल."

दुपारी ती बाह्या सरसावून भिंतीसमोर उभी होती. थापी तिनं नाकारली. तळव्यानं गारा घ्यायची, भिंतीवर दाबायची आणि मनगटानं ओढून पसरवायची. डोळे मिटूनच काम करायची. उघडे ठेवले तर तो डाग मधे मधे करतो, म्हणायची. विटांचे सांधे तिच्या हाताखाली एकेक करून बुजत गेले. कुठं फुगवटा, कुठं खळगा, कुठं ओल कमी, हे तिला हात टेकल्याबरोबर कळायचं. रोवेना मागं उभी राहून बघत होती. लहानपणी आईच्या पलंगावर पसरलेल्या कापडावरून नेरिडाचा हात असाच फिरायचा, आणि तेव्हाही ती रोवेनाला हात लावू द्यायची नाही.

संध्याकाळी नेरिडाच्या केसांत माती होती. ती बरीच बोलत होती. मेलबर्नच्या घरात आता रेडिओ दिवसभर चालू ठेवते, म्हणाली, कारण तिथं आवाज सगळीकडून आपटून परत येतो आणि आपण कुठं उभे आहोत ते कळत नाही. इथं कळतं.

रोवेनाला ऐकू आलं. त्यामागचं न बोललेलंही ऐकू आलं, आणि ती उठून भांडी धुवायला गेली.

पुढच्या दिवसांत नेरिडा खिडकीच्या बैठकीत झोपायची, तिची उशी दिवसाही तिथंच असायची. सकाळचा चहा रोवेनाला टेबलाशी घ्यावा लागायचा. एवढ्याशा गोष्टीचा आपल्याला त्रास होतो याची तिला शरम वाटायची, आणि तरी त्रास व्हायचाच. व्हॅन चालवताना ती स्वतःशी वाद घालायची. हे घर एका माणसाचं आहे. जागाच नाही. जागा नाही हे खरंच होतं, आणि खऱ्या गोष्टीच्या आड लपणं सोपं असतं.

नेरिडालाही कळत होतं. पंधरवडा संपला तेव्हा तिची पिशवी भरून दाराशी तयार होती. रोवेनानं तिला स्टेशनवर सोडलं. गाडीला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. नेरिडाच्या नखांत अजून माती होती आणि ती एका नखानं दुसरं नख कोरत होती.

"मला सांभाळायला तू ते घर बांधलं नव्हतंस," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे, रो. तोंड पाडून बसू नकोस."

"मी कुठं तोंड पाडलंय?"

"दिसत नाही, पण ऐकू येतं."

मग गाडी आली. डब्यात चढताना नेरिडा वळून म्हणाली, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, खांद्याच्या उंचीवर, एक पोकळी राहिली आहे. ओली आहे तोवर दाबून घे, नाहीतर तिथून गिलावा सुटेल.

घरी येऊन रोवेनानं तो कोपरा चाचपला. काहीच सापडेना. डोळ्यांना भिंत सरळ दिसत होती. शेवटी तिनंही डोळे मिटले, आणि मग हाताला लागली ती, बशीएवढी, आतून रिकामी. ओला गारा भरून ती तळव्यानं दाबत उभी राहिली. भिंतीवर सगळीकडे नेरिडाच्या हातांचे अर्धगोल होते, मासोळीच्या खवल्यांसारखे, एकावर एक. तिरप्या उन्हात ते दिसू लागले होते. रोवेनाला वाटलं, आपण हे घर आपल्या अंगाच्या मापाचं शिवलं खरं, पण मापं बदलतात. बाई जाड होते, बारीक होते, आणि नेरिडा कुरकुरत शिवण उसवते आणि बाजूला पट्टी लावून देते. त्यासाठीच ती शिवणीच्या आत कापड राखून ठेवायची.

ती बाहेर गेली. उत्तरेच्या अंगाला पडवीपलीकडे सपाट जागा होती, तिथं सकाळपासून ऊन असायचं. ती तिथं गवतात जराशी आडवी झाली. मग उठून आत आली आणि फोन लावला. नेरिडा नुकतीच घरी पोचली होती.

"तुझी खोली उत्तरेला काढतेय," रोवेना म्हणाली. "दार किती रुंद हवं?"

पलीकडं रेडिओ चालू होता. नेरिडानं तो बंद केला.

"शिवणयंत्र आत जाईल एवढं," नेरिडा म्हणाली.

"तुला सुई ओवता येत नाही ना?"

"तू ओवशील. टपाल वाटून आल्यावर तुला काय काम असतं?"

नव्या खोलीचे खांब आणि छप्पर झाल्यावर नोव्हेंबरात दार कापायचं ठरलं. छताचा भार खांबांवर होता, भिंत नुसती आपल्या वजनानं उभी होती, म्हणून कापायला भीती नव्हती. आधी वरच्या बाजूला खाच पाडून त्यात एक जाड फळी बसवली, तिच्यावरच्या विटांनी खाली येऊ नये म्हणून. विल्फनं आपल्या आज्याची दोन माणसांनी ओढायची करवत आणून दिली, आणि मातीत चालवून तिचे दात बोथट कराल म्हणून बराच वेळ बडबडला. तरी दात त्यानं स्वतःच घासून आणले होते.

भिंतीला वर एक भोक पाडून त्यातून करवत ओवली. रोवेना घराच्या आत उभी राहिली, नेरिडा बाहेर. एकीनं ओढायचं, दुसरीनं सोडायचं. सुरुवातीला करवत अडकली, वाकली. दोघी एकाच वेळी ओढत होत्या. भिंतीतून नेरिडाचा दबका आवाज आला, सोड म्हटलं की सोडत जा, लहानपणापासून तुला हे जमत नाही. मग लय लागली. घस्स, घस्स. पिवळी धूळ दोन्हीकडं सांडत होती. फटीतून आधी उन्हाची एक रेघ आत आली, दोरीएवढी, आणि करवत खाली सरकेल तशी लांबत गेली. तिच्यात धूळ तरंगत होती, इतकी सावकाश, की रोवेनाला वाटलं हा दिवस असाच राहील, आपण ओढत राहू, सोडत राहू, आणि बहिणीचे हात भिंतीपलीकडून तिला कळत राहतील.

खाली जमिनीपर्यंत कापून झाल्यावर दुसरी बाजू कापली. मधला तुकडा विल्फनं पहारीनं सैल केला आणि विटा एकेक करून काढल्या. जिथं भिंत होती तिथं नेरिडा उभी होती, भुवयांपर्यंत पिवळी. ती मान जराशी वळवून, डोळ्यांच्या कडेनं, आत बघत होती.

"उजेड कुठून कुठं जातोय ते दिसतंय मला," ती म्हणाली. "आता चहा कर."

काढलेल्या विटा त्यांनी रात्रभर पाण्यात घातल्या. सकाळी त्यांचा परत चिखल झाला होता, आणि त्याच चिखलातून नव्या खोलीच्या पहिल्या विटा पडल्या. तो उन्हाळा दोघींनी मिळून चिखल तुडवला, एकमेकींच्या खांद्याला धरून. मेलबर्नचं घर गालिच्यासकट विकलं गेलं. नेरिडानं गिलावा करताना आपल्या पलंगापासून नव्या दारातून, चुलीला वळसा घालून, न्हाणीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक बारीक वळी उठवली, कपड्याला गोट लावावी तशी. बोट तिच्यावर ठेवलं की चालता यायचं. मरायका बघायला आली तेव्हा तीही ती वळी बोटानं चाचपत गेली आणि न्हाणीत जाऊन पोचली.

रोवेना आता सकाळी खिडकीच्या बैठकीत एकटी बसायची, पण घरात दुसऱ्या माणसाची चाहूल असायची: पाणी ओतल्याचा आवाज, शिवणयंत्राचं चाक, कुरकुर. दोघी भांडतही. नेरिडाला भांडी जागच्या जागी लागायची आणि रोवेना ती कुठंही ठेवायची. एकदा त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं, आणि तरी तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनपाशी ओवलेल्या सुयांची रांग टोचून ठेवलेली होती.

मार्चमध्ये नव्या खोलीला शेवटचा हात दिला. नेरिडा जमिनीवर आडवी पडली, हात डोक्याखाली, आणि रोवेना उंबऱ्यात बसली. भिंती ओल्या होत्या, गडद. दुपारच्या उबेत त्या वाळू लागल्या.

"कुठपर्यंत आलं?" नेरिडानं विचारलं.

"खिडकीच्या वरचं वाळलं. कडेनं फिकं होत चाललंय. मधे अजून ओलं आहे, नकाशावरच्या तळ्यासारखं."

"रंग कसला?"

रोवेनानं विचार केला. "चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. वाळलंय तिथं न बुडवलेल्या."

नेरिडा हसली. मग दोघी तशाच राहिल्या, एक बघत, एक ऐकत, आणि तळं हळूहळू आटत गेलं.